अंकांची जागा आणि अंकांचे मोल

जुन्या पेढीवरची कीर्द ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्या पानावरील उभ्या रेघा आठवत असतील. रुपयांचे घर वेगळे, आण्यांचे वेगळे आणि पैंचे वेगळे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वीच्या व्यवहारात या रेघांना फार महत्त्व होते. पान भिजले, रेघा पुसल्या गेल्या आणि शाईचे ‘५१२६’ एवढेच अंक मागे राहिले, अशी कल्पना करा. ही रक्कम ५१ रुपये, २ आणे, ६ पै अशी वाचता येते. ५ रुपये, १२ आणे, ६ पै अशीही वाचता येते. चारही अंक शाबूत आहेत, एकही खोटा नाही, आणि तरीही खरी रक्कम कोणती हे सांगण्यास तो कागद असमर्थ आहे. अंक उरले, त्यांची जागा हरवली. जागेबरोबर मोलही हरवले.

कीर्द मागे पडून आता कित्येक वर्षे लोटली. परंतु रेघा नसलेले हे पान नव्या रूपाने आजही जिवंत आहे. देशातील कुटुंबांचा खर्च, शेतजमिनीचे क्षेत्र, आजारपण, शिक्षण, रोजगार, पाऊस आणि तापमान यांविषयीची मूळ आकडेवारी अनेकदा ज्या फाइलींत साठविलेली असते, त्यांना ‘ठरावीक रुंदीच्या मजकूर-फाइली’ म्हणतात. अशी फाइल उघडली की डोळ्यांपुढे अंकांच्या लांबच लांब ओळी येतात. दोन संख्यांमध्ये स्वल्पविराम नाही, रेघ नाही, बहुधा मोकळी जागाही नाही. कोणता अंक कोणत्या संख्येचा, हे तो ओळीत कितव्या घरात बसला आहे यावरूनच ठरते.

ही रीत कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद पुरी होण्यास सुमारे आठ वर्षे लागली होती. पुढची जनगणना दाराशी येऊन ठेपली, तेव्हा हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून ती विजेच्या यंत्राने मोजण्याची युक्ती काढली, आणि १८९० च्या जनगणनेत ती वापरली गेली. हॉलेरिथची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या एकत्रित संस्थेनेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. याच कंपनीने १९२८ मध्ये ८० उभ्या स्तंभांचा पत्ता प्रचारात आणला. एका पत्त्यावर घरे ८०, त्यांहून एकही अधिक नाही. अशा स्थितीत दोन संख्यांमध्ये मोकळे घर सोडणे किंवा दशांशचिन्हासाठी एक घर खर्च करणे ही उधळपट्टी ठरे. म्हणून दशांशचिन्ह लिहायचेच नाही, ते कोठे आहे असे मानायचे एवढे वेगळ्या कागदावर नोंदवून ठेवायचे, असा प्रघात पडला. पत्ते गेले, यंत्रे गेली, जागेची टंचाईही गेली. प्रघात मात्र मागे राहिला.

तो वेगळा कागद म्हणजेच या सर्व विषयाची किल्ली. त्याला मांडणीपत्रक म्हणू या. कोणती माहिती कितव्या घरापासून कितव्या घरापर्यंत आहे, दशांशाची किती स्थळे गृहीत धरायची, माहिती नसल्यास काय लिहिले आहे, हे सर्व त्यात असते. मांडणीपत्रकावाचून फाइल म्हणजे रेघा पुसलेली कीर्दच.

आपल्या देशातील राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी आणि त्यांनी कलकत्त्यास १९३१ मध्ये स्थापिलेली भारतीय सांख्यिकी संस्था या कार्याच्या मुळाशी होती. या पाहणीच्या अनेक फेऱ्यांतील कुटुंबवार माहिती संशोधकांना अशाच ठरावीक रुंदीच्या फाइलींतून मिळत आली आहे. तेव्हा या पाहणीच्या धर्तीवर एक काल्पनिक ओळ घेऊन पाहू:

२७१०५००४०५००१२५०५०

मांडणीपत्रक सांगते की पहिली तीन घरे राज्य आणि त्यातील विभाग यांची, पुढील दोन कुटुंबातील माणसांची, त्यापुढील पाच जमिनीच्या क्षेत्राची आणि शेवटची आठ दरडोई मासिक खर्चाची. जमीन हेक्टरच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे दशांशाची तीन स्थळे धरून, आणि खर्च पैशापर्यंत, म्हणजे दोन स्थळे धरून. आता ओळ बोलू लागते. २७१ म्हणजे महाराष्ट्राचा किनारपट्टी विभाग; घरात माणसे ५; जमीन ०.४०५ हेक्टर, म्हणजे जवळजवळ नेमकी एक एकर. आणि दरडोई खर्च महिना १,२५० रुपये ५० पैसे. कोकणातील एका साध्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

समजा, संगणकाला सूचना देताना पहिल्या रकान्याची रुंदी तीनऐवजी चुकून दोन लिहिली गेली. राज्य २७, म्हणजे महाराष्ट्र. ते बरोबरच भासते. पुढील दोन घरांत ‘१०’ सापडतात, म्हणून माणसे दहा. त्यापुढील पाच घरांत ‘५००४०’, म्हणून जमीन ५०.०४० हेक्टर. आणि खर्चाच्या रकान्यात ‘५००१२५०५’, म्हणजे दरडोई महिना ५,००,१२५ रुपये ५ पैसे! एकरभर जमिनीवर गुजराण करणारे पाच माणसांचे कुटुंब एका घराच्या फरकाने सव्वाशे एकरांचे जमीनदार झाले.

यातील चिंतेची गोष्ट अशी की संगणकाने कुरकुर केलेली नाही. त्याला जेथे अंक हवे होते तेथे अंकच मिळाले. माणसाने असा हिशेब लिहिला असता तर पाहणाऱ्याने भुवया उंचावल्या असत्या. संगणकाला भुवया नाहीत. म्हणून अशा फाइलींतील चुकांचा सर्वसाधारण स्वभाव ध्यानात ठेवावा: त्या आवाज करीत नाहीत. त्यांतील मुख्य प्रकार कोणते, हे एकेक करून पाहिले पाहिजे.

पहिला प्रकार घरे मोजण्याचाच. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रकान्याचे पहिले व शेवटचे घर सांगावे लागते, तर काहींत केवळ रुंदी सांगावी लागते. सॅस, स्टाटा आणि एसपीएसएस यांत घरांचे क्रमांक देण्याची सोय आहे. आर या सॉफ्टवेअरच्या मूळ आज्ञेत रुंद्यांची यादी द्यावी लागते, आणि नको असलेली घरे वगळण्यासाठी रुंदीपुढे उणे चिन्ह घालावे लागते. रुंद्यांच्या यादीत एक आकडा चुकला की पुढचे सर्व रकाने सरकतात. क्रमांक देण्याच्या पद्धतीत एक चूक त्या एकाच रकान्यापुरती राहते. शिवाय काही संगणक-भाषा मोजणी एकापासून करतात, काही शून्यापासून. मांडणीपत्रक बहुतेक वेळा एकापासूनच मोजते. या दोन मोजण्यांची गल्लत झाली की सारी फाइल एका घराने सरकते.

दुसरा प्रकार न लिहिलेल्या दशांशचिन्हाचा. येथे सॅस या सॉफ्टवेअरचा नियम मुद्दाम जाणून घेण्यासारखा आहे, कारण तो जुन्या फोर्ट्रान भाषेतही होता. रकाना पाच घरांचा असून दशांशाची दोन स्थळे आहेत, अशी सूचना दिली, तर ‘१२३४५’ हे अंक १२३.४५ असे वाचले जातात. परंतु त्याच रकान्यात कोणी ‘१२.३४’ असे चिन्हासह लिहिले असेल, तर सॉफ्टवेअर ते चिन्हच प्रमाण मानते आणि संख्या १२.३४ अशीच घेते. नियम सुज्ञपणाचा आहे, पण त्यातच सापळा आहे. सूचनेतील ‘दोन स्थळे’ म्हणजे ‘उत्तर दोन स्थळांपर्यंत दाखवा’ असा अर्थ अनेक नवशिके करतात. ज्या फाइलीत पूर्ण रुपयांत लिहिलेला ४५००० हा पगार आहे, तेथे अशी सूचना दिली की तो पगार ४५० रुपये होतो. शेजारच्या ओळीत ‘४५०.५’ असे लिहिलेले असेल तर ते मात्र जसेच्या तसे राहते. आता एक संख्या शंभरपट लहान झालेली आणि दुसरी बरोबर, अशी सरमिसळ झाली. सर्वच्या सर्व संख्या शंभरपट चुकल्या असत्या तर कोणाच्याही लक्षात आले असते. अर्ध्या चुकल्या की सरासरी काहीतरी मधलीच येते आणि ती पटण्याजोगी दिसते.

राष्ट्रीय नमुना पाहणीतील ‘गुणक’ हे याचेच अधिक सूक्ष्म उदाहरण होय. देशातील सर्व कुटुंबांना प्रश्न विचारणे शक्य नसते. २०११-१२ मधील ६८ व्या फेरीत खर्चाविषयीच्या माहितीसाठी एक लाखाहून थोड्याच अधिक कुटुंबांची एक यादी तपासली गेली होती. तेव्हा देशात कुटुंबे होती सुमारे २४ कोटी. म्हणजे पाहणीतील एक कुटुंब सरासरीने दोन हजारांहून अधिक कुटुंबांच्या वतीने बोलत होते. नेमके किती कुटुंबांच्या वतीने, ते प्रत्येक ओळीच्या शेवटी गुणकाच्या रकान्यात लिहिलेले असे, तेही दशांशचिन्हावाचून. नमुना दोन उपनमुन्यांत निवडलेला असल्याने एक नियमही सोबत होता: ओळीतील दोन ठरावीक मोजण्या सारख्या असतील तर गुणकाला १०० ने भागावे, नसतील तर २०० ने. समजा, रकान्यात ४८३६०० आहे. २०० ने भागले तर ते कुटुंब २,४१८ कुटुंबांचे प्रतिनिधी ठरते. १०० ने भागले तर ४,८३६ चे. भागलेच नाही तर एकटे घर जवळजवळ पाच लाख घरांच्या वतीने बोलू लागते.

कोणी सरसकट शंभराने भागले किंवा मुळीच भागले नाही, तर काय होईल? एकूण बेरजा भलत्याच फुगतील, हे उघड आहे. पण सरासरी आणि टक्केवारी मात्र फारशा विचित्र दिसणार नाहीत, कारण वर आणि खाली दोन्हीकडे तोच फुगवटा असल्याने तो कापला जातो. फक्त ज्या ओळींना १०० ने भागायचे होते आणि ज्यांना २०० ने, त्यांचे परस्परांतील वजन बिघडते. काही घरांचा आवाज निम्मा होतो, काहींचा दुप्पट. केवळ टक्केवारी पाहून समाधान मानणाऱ्या अभ्यासकाला ही चूक कधीच सापडणार नाही. ती एकूण बेरजेच्या दारातून आत शिरूनच पाहावी लागते.

तिसरा प्रकार संकेतांकांचा. प्रत्येक अंकसमूह ही संख्याच असते असे नाही. टपालाचा पिन क्रमांक अंकांनी लिहितात, पण दोन पिन क्रमांकांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही. राज्यांचे संकेतांक असेच आहेत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशाला २३, गुजरातला २४, महाराष्ट्राला २७, कर्नाटकाला २९ आणि गोव्याला ३० हे अंक होते. ही दोन अंकी नावे वाचण्यात अडचण नाही. अडचण उत्तरेकडील राज्यांत येते, कारण त्यांचे संकेतांक शून्याने आरंभ होतात: पंजाब ०३, राजस्थान ०८, उत्तर प्रदेश ०९. नमुना पाहणीत राज्याच्या अंकापुढे विभागाचा अंक जोडतात. पंजाबचा दुसरा विभाग झाला ०३२. सॉफ्टवेअरने हा रकाना संख्या म्हणून वाचला की पुढचे शून्य गळते आणि उरतात ३२. पुढे कोणी ‘पहिले दोन अंक म्हणजे राज्य’ या नियमाने राज्य शोधू गेला, तर त्याला ३२ हे राज्य मिळते. आणि ३२ म्हणजे केरळ! त्याच न्यायाने पंजाबचा पहिला विभाग ०३१ हा लक्षद्वीप होतो, आणि हिमाचलचा ०२१ ओडिशा होतो. पंजाबातील गव्हाचा खप केरळच्या खात्यावर चढला, तर निष्कर्ष काढणारा केरळी जेवणाविषयी मोठा शोध लागला म्हणून आनंदित होईल. उपाय सोपा आहे. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते रकाने अक्षरे म्हणूनच वाचावेत. म्हणजे पुढचे शून्य जागेवर राहते.

याच प्रकारात फार लांब क्रमांकांची गोष्ट येते. कुटुंब ओळखण्यासाठी अनेक संकेतांक एकापुढे एक जोडून लांब ओळख-क्रमांक बनवितात. संगणक संख्या ज्या साच्यात साठवितो, त्याला मर्यादा आहे. सामान्यपणे वापरल्या जाणाऱ्या मोठ्या साच्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच्याच सर्व पूर्णांक संख्या अचूक मावतात. त्यापुढे शेजारच्या दोन संख्या एकच होऊ लागतात. लहान साच्यात तर ही सीमा १,६७,७७,२१६ एवढीच आहे. स्टाटा या सॉफ्टवेअरला ठरावीक रुंदीची फाइल वाचताना साचा सांगितला नाही, तर ते आपण होऊन लहान साचा घेते. अशा वेळी १,६७,७७,२१७ हा आठ अंकी क्रमांक १,६७,७७,२१६ म्हणून साठविला जातो, आणि दोन वेगळी कुटुंबे एका नावाखाली गोळा होतात.

चौथा प्रकार रिकाम्या घरांचा. रिकामे म्हणजे शून्य नव्हे. ज्या घरी जमीन नाही तेथे शून्य, आणि जमिनीविषयी विचारलेच गेले नाही तेथे रिकामे. या दोन गोष्टींत भूमिहीन आणि अनोळखी यांच्याइतके अंतर आहे. जुन्या फोर्ट्रानमध्ये रकान्यातील रिकामे घर शून्य मानण्याची रीत होती. त्यामुळे दोन घरांच्या रकान्यात ‘५’ डावीकडे सरकवून लिहिला असेल तर त्याचे ५० होत. पुढे १९७७ च्या प्रमाणित आवृत्तीत रिकाम्या घरांचे काय करायचे हे स्पष्ट सांगण्याची सोय झाली. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा धोका कमी असला, तरी त्याचे भावंड शिल्लक आहे: ओळीच्या शेवटची रिकामी घरे. कित्येक संगणक ओळ साठविताना शेवटची मोकळी जागा छाटून टाकतात. ओळ आखूड पडली की सॅस, वेगळी सूचना नसेल तर, उरलेले रकाने भरण्यासाठी पुढच्या ओळीत शिरते. पुढची ओळ अशा रीतीने गिळली जाते, आणि शंभर कुटुंबांच्या जागी नव्वदच उरतात.

माहिती नसल्याची खूण म्हणून काही फाइलींत एखादी अशक्य संख्या लिहितात. याचे अतिशय बोलके उदाहरण हवामानाच्या नोंदींत सापडते. अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक शासकीय संस्थेने जगभरातील केंद्रांच्या दैनिक नोंदींचा जो मोठा संग्रह केला आहे, त्यात भारतातील केंद्रेही आहेत. त्यातील एक ओळ म्हणजे एका केंद्राचा एक महिना. पहिल्या ११ घरांत केंद्राची खूण, पुढील ४ घरांत वर्ष, मग २ घरांत महिना, नंतर ४ घरांत पाऊस की तापमान याची खूण. आणि २२ व्या घरापासून ३१ दिवसांसाठी प्रत्येकी ८ घरे: पाच मूल्याची, तीन खुणांची. ओळीची एकूण लांबी २६९ घरे. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागांत लिहिलेला असतो. म्हणजे ‘४५३’ याचा अर्थ ४५.३ मिलिमीटर. आणि ज्या दिवसाची नोंद नाही तेथे असते -९९९९.

आता एखाद्याने ही खूण न ओळखता महिन्याच्या पावसाची बेरीज केली असे धरू. -९९९९ ला दहाने भागले की होतात -९९९.९ मिलिमीटर. एका दिवसाची नोंद हुकली म्हणून महिन्याच्या पावसातून जवळजवळ एक मीटर पाऊस वजा झाला! कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भर जुलैत जेवढा पाऊस कोसळतो, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. फेब्रुवारीची गंमत त्याहून मोठी. प्रत्येक ओळीत ३१ दिवसांची घरे असल्याने फेब्रुवारीतील ३० व ३१ या कधीच न उगवणाऱ्या तारखांवरही -९९९९ लिहिलेलेच असते. केंद्राने एकही दिवस चुकविला नसला तरी फेब्रुवारीची बेरीज उणेच येणार. पाऊस उणे आला तर निदान चूक कळते. तापमानाच्या दीर्घ सरासरीत मात्र अशा एखाद्या-दुसऱ्या नोंदीने अंशाचा लहानसा भाग तेवढा घटतो, आणि ‘येथील हवा थंड होत आहे’ असा निष्कर्ष कोणी गंभीरपणे मांडू शकतो.

पाचवा प्रकार चिन्हांचा. जुन्या व्यापारी संगणकांनी लिहिलेल्या काही फाइलींत उणे चिन्हासाठीही वेगळे घर दिलेले नसे. शेवटच्या अंकाच्या जागी एक रोमी अक्षर लिहीत, आणि त्या एकाच अक्षरातून अंकही कळे व चिन्हही. ‘ए’ पासून ‘आय’ पर्यंतची अक्षरे अधिक १ ते ९ साठी आणि ‘जे’ पासून ‘आर’ पर्यंतची उणे १ ते ९ साठी. म्हणजे ‘१२’ पुढे ‘एल’ हे अक्षर असेल तर ती संख्या उणे १२३. ज्याला हा संकेत ठाऊक नाही, तो अक्षर असलेल्या नोंदी ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून देतो. हिशेबात फक्त बिनचिन्हाचे अंक उरतात आणि कर्जे, तोटे व परतावे निमूट अदृश्य होतात.

सहावा प्रकार आपल्या भाषेशी निगडित आहे. ‘घर’ म्हणजे नेमके काय? केवळ इंग्रजी अक्षरे व अंक यांच्यापुरते उत्तर सोपे होते: एक अक्षर, एक बाइट, एक घर. पण आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पणजी’ या शब्दात प, ण, ज आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे. बाइट मात्र बारा. गोव्यातील पोर्तुगीज वळणाच्या नावांचेही असेच. ‘सांव’ हे नाव रोमी लिपीत तीन अक्षरांचे. पण मधल्या अक्षरावर नाकातून उच्चार दाखविणारी नागमोडी खूण असल्याने बाइट होतात चार. आता एखाद्या यादीत आधी नाव आणि नंतर वय, गुण अथवा रक्कम अशी ओळ असेल, लिहिणाऱ्याने अक्षरे मोजून रकाने आखले असतील आणि वाचणारे सॉफ्टवेअर बाइट मोजत असेल, तर खूण असलेल्या नावांच्या ओळींतील पुढचे सारे अंक सरकतात. साध्या रोमी नावांच्या ओळी बिनचूक राहतात. ही चूक सर्वांवर सारखी पडत नाही. ती नावे पाहून पडते. एका विशिष्ट भाषेच्या वा समाजाच्या माणसांचीच वये आणि रकमा तेवढ्या बिघडाव्यात, आणि त्यात कोणाचाही हेतू नसावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मग करावे काय? शाळेत गणित सोडविल्यानंतर ताळा पाहण्याची शिस्त लावली जात असे. येथेही उपाय तोच. फाइल वाचण्यापूर्वी मांडणीपत्रक आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे, आणि ते त्याच फेरीचे, त्याच आवृत्तीचे आहे याची खात्री करावी. दोन फेऱ्यांची पत्रके बहिणींसारखी दिसतात; त्यांतील एखादा रकाना मात्र एका घराने पुढेमागे असतो. मग सर्व ओळींची लांबी सारखी आहे का ते संगणकाकडूनच मोजून घ्यावे. जी ओळ आखूड वा लांब असेल तिच्याकडे प्रथम पाहावे. शंका असेल तेथे रकाना आधी अक्षरे म्हणून वाचावा, तो डोळ्यांखालून घालावा आणि मगच त्याची संख्या करावी.

वाचून झाल्यावर ओळींची संख्या प्रकाशित संख्येशी जुळते का ते पाहावे. प्रत्येक रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या काढावी. वय २०५, माणसे ५०, पाऊस उणे, अशा गोष्टी येथेच उघड्या पडतात. चार-सहा ओळी सहज निवडून मूळ अंकांशी हाताने ताडाव्यात. त्यांत फाइलीच्या आरंभीची, मधली आणि शेवटची ओळ तर असावीच. पण शून्याने आरंभ होणारा संकेतांक, रिकामा रकाना आणि उणे संख्या असलेलीही एकेक असावी. आणि शेवटी, अधिकृत अहवालात छापलेली एखादी बेरीज आपल्या वाचनातून तशीच निघते का ते पाहावे. ती जुळली की बहुतेक दारे बंद झाली असे समजावे. जुळली नाही, तर ‘थोडाच फरक आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये. हिशेबनीस एका पैचा फरक शोधण्यासाठी रात्र जागवीत, ते त्या पैच्या लोभाने नव्हे. तो फरक दोन मोठ्या चुकांच्या वजाबाकीतून उरलेला असू शकतो, हे त्यांना ठाऊक होते.

या साऱ्या खटाटोपाला अर्धा दिवस लागतो, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर होत नाही. तरी तो टाळता येत नाही. वरच्या ओळीतील ते कुटुंब पुन्हा आठवावे. पाहणी करणारा माणूस त्यांच्या ओसरीवर येऊन बसला असेल. घरच्या बाईने आठवून आठवून सांगितले असेल, महिन्याला तांदूळ किती, तेल किती, मुलांच्या वह्यांना किती. तिची सारी उत्तरे अठरा अंकांत मावली. ती कोठे गेली, कोणी वाचली, हे तिला कधी कळणार नाही. तिच्यासारख्या दोन हजार घरांच्या वतीने ते अंक बोलणार आहेत, हेही तिला ठाऊक नाही. तिने आपले काम केले. खरे ते सांगितले. ते खरे आहे त्याच जागी वाचणे, एवढे काम वाचणाऱ्याकडे उरते.